बाहेर जाणारा पैसा

आमच्या मंडळीच्या जमाखर्चात एक ओळ आहे, जिच्यावरून दर वर्षीच्या वार्षिक सभेत आवाज चढतात. 'धर्मप्रांताकडे असेसमेंट'. वीजबिल, झाडलोट करणाऱ्या बाईंचा पगार, ऑर्गनची दुरुस्ती, नाताळची रोषणाई यांवर कुणी फारसं बोलत नाही. रोषणाईवर जरा जास्तच खर्च झाला तरी सगळे समजून घेतात. पण ही ओळ वाचून झाली की मागच्या बाकांवरून कुणीतरी उठतोच: "इथं आपलं छप्पर गळतंय, आणि आपण पैसे तिकडं पाठवतोय!"

मी पतसंस्थेत कॅशियर होते. निवृत्त झाले त्याच वर्षी पॅस्टोरेट कमिटीने माझं नाव खजिनदार म्हणून सुचवलं आणि मला विचारायच्या आधी टाळ्यासुद्धा वाजल्या. नोटा मोजायची सवय, घरात मुलं मार्गी लागलेली, आणि रुपया इकडचा तिकडे होऊ देत नाही हा लौकिक, एवढ्याच भांडवलावर मी त्या खुर्चीत बसले. मोजायचं काम तासाभराचं असतं. उरलेला आठवडा लोकांना उत्तरं देण्यात जातो.

असेसमेंट म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. आमची मंडळी चर्च ऑफ नॉर्थ इंडियातली, म्हणजे सीएनआयची. आमच्याकडे पाळकांचा पगार मंडळी थेट देत नाही. प्रत्येक मंडळीची ऐपत पाहून धर्मप्रांत वर्षाचा एक आकडा ठरवतो आणि तो महिन्याच्या हप्त्यांनी पाठवायचा असतो. सगळीकडचा पैसा एका ठिकाणी जमतो आणि तिथून प्रत्येक पाळकाला सेवेच्या वर्षांप्रमाणे ठरलेल्या श्रेणीने पगार मिळतो. शहरातल्या मोठ्या चर्चचे पाळक आणि वीस-पंचवीस घरांच्या वस्तीवरचे पाळक, दोघांची नोकरी सारख्याच वर्षांची असेल तर मूळ पगारही सारखाच. पाळकांच्या बदल्या होऊ शकतात त्या याच जोरावर. नाहीतर वस्तीवर कोण आनंदाने जाईल? याच पैशातून प्रॉव्हिडंट फंड जातो, बदलीच्या ट्रकचं भाडं जातं, बिशपसाहेबांचं कार्यालय चालतं, आणि कोलकात्याच्या बिशप्स कॉलेजात किंवा जबलपूरच्या लेनर्डमध्ये ईश्वरविज्ञान शिकायला पाठवलेल्या मुलामुलींची फी भरली जाते. काही वाटा पुढे दिल्लीच्या सिनॉडला. आमच्या जमेतला जवळपास निम्मा पैसा असा गावाबाहेर पडतो. छप्पर गळत असताना निम्मा पैसा बाहेर, हे ऐकायला कुणालाही जड जाणारच.

या तक्रारीला थोडा इतिहासही आहे, असं मला वाटतं. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा वेगवेगळ्या परंपरांची चर्चेस एकत्र आली आणि सीएनआय झालं. त्यात अँग्लिकन होते, बाप्टिस्ट होते, ब्रेदरन होते, डिसायपल्स होते, ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन वळणाचे मेथडिस्ट होते, आणि युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियाही होतं. आमची माणसं या शेवटच्या घरातली. आणि त्याही आधी नगरकडच्या अमेरिकन मराठी मिशनची. त्या मिशनची रीत अशी, की प्रत्येक मंडळीने आपलं आपण बघायचं, वर कुणी साहेब नाही. हे मिशन चालवणाऱ्या बॉस्टनच्या अमेरिकन बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन १८५४-५५ साली इकडे येऊन गेले, तेही हाच आग्रह धरून: देशी मंडळीने आपला कारभार आपण करावा, आपला खर्च आपण उचलावा, आपली सुवार्ता आपण सांगावी. म्हणजे पणजोबांनी शिकवलं 'आपलं आपण', आणि १९७० साली आपण सही केली 'सगळ्यांचं सगळ्यांनी' यावर. आमच्या वार्षिक सभेत दर वर्षी ही दोन्ही तत्त्वं एकमेकांच्या अंगावर येतात. फक्त भांडणाऱ्यांना वाटतं की आपण छपराबद्दल बोलतोय.

रविवारचं दान मोजताना मी आणि कमिटीतला आणखी एक जण, असे दोघे असतोच. एकट्याने थैली उघडायची नाही, हा नियम माझ्या आधीपासूनचा आहे आणि तो मला फार आवडतो, कारण त्याने सगळ्यात जास्त रक्षण खजिनदाराचंच होतं. उपासना संपली की वस्त्रागाराच्या टेबलावर मखमली थैल्या उलट्या करायच्या. आधी पाकिटं वेगळी. पाकिटावर सभासदाचा नंबर आणि महिना. आत मासिक वर्गणी किंवा दशांश. मग सुटे. दहाच्या नोटा जास्त, त्यांतल्या कित्येकींना घामाचा आणि हळदीचा वास. चार-चार घड्या घातलेली नोट म्हणजे बहुतेक शब्बाथ शाळेतल्या पोराच्या मुठीतून आलेली. दहा रुपयांची नाणी बाजारात घ्यायला दुकानदार कुरकुर करायचे तेव्हा आमच्या थैलीचं वजन एकदम वाढलं होतं. दुकानात न चालणारं नाणं देवाला चालतं, असा हिशेब असावा. फाटकी नोट चिकटपट्टी लावून येते. तीही मी घेते आणि बँकेत बदलून आणते. नोटांच्या गड्ड्या लावून झाल्या की चिठ्ठीवर किती नोटा कशाच्या हे लिहायचं, दोघांनी सही करायची, आणि सोमवारी बँक.

पाकिटांच्या वहीवरून मंडळी जशी दिसते तशी ती प्रवचनपीठावरूनही दिसत नसेल. कुणाच्या घरी आजारपण आहे, कुणाचा हंगाम बुडाला, कुणाचा मुलगा परदेशी गेला आणि आईने पाकीट दुप्पट केलं. ही वही मी कुणाला दाखवत नाही, पाळकसाहेबांनाही फक्त एकूण बेरीज सांगते. हा माझा हट्ट आहे. पाळकाला आकडे कळले तर कोणाच्या घरी चहा किती वेळ रेंगाळायचा हे नकळत ठरायला लागतं.

या वहीत शेवटच्या पानांवर एक मावशी आहेत. कांद्याच्या खळ्यावर निवडायला जातात. त्यांचं पाकीट वहीतल्या लहानांतलं, पण पावती दर महिन्याला पाहिजे, आणि पावती हातात पडली की उभ्या उभ्या प्रश्न: "माझं पाकीट कुठवर गेलं गं?" मोठ्या रकमा देणारी माणसं असं विचारत नाहीत; त्यांना बाकावर नावाची पाटी लागली की पुरते. मावशींना दोन टोल्या टाकणाऱ्या विधवेची उपमा द्यायचा मोह पाळकसाहेबांना एकदा झाला होता. मावशींना ती आवडली नाही. "ती बाई गप टाकून गेली. मी विचारणार."

त्यांना उत्तर द्यायचं म्हणून मी एक पद्धत सुरू केली. तीन महिन्यांतून एकदा, सूचना वाचताना, असेसमेंटचा पैसा कुठे गेला ते साध्या भाषेत सांगायचं. आकडे कमी, ठिकाणं जास्त. अमुक वस्तीवर पाळक आहेत, तिथे वीस घरं आहेत, त्या वीस घरांच्या दानातून त्यांचा पगार निघणार नाही; तो आपल्या थैलीतून निघतो. तिथल्या एका मुलीला ईश्वरविज्ञानाला प्रवेश मिळालाय, तिची फी धर्मप्रांत भरतो. लोक ऐकू लागले. काहींनी ती वस्ती कुठे आहे विचारलं, आणि तरुण संघाची पोरं मोटरसायकली काढून तिथे गेलीसुद्धा. आल्यावर त्यांचं पहिलं वाक्य: "त्यांचं छप्पर आपल्यापेक्षा वाईट आहे."

एकदा मी जरा लांबचंही सांगितलं. अमेरिकेत न्यू इंग्लंडच्या बायकांची मंडळं होती, आठवड्याला एक सेंट बाजूला काढणारी. तिथल्या पोरांनी दहा-दहा सेंटांचे भाग घेऊन १८५६ साली 'मॉर्निंग स्टार' नावाचं मिशनचं जहाज बांधून दिलं, पॅसिफिकच्या बेटांसाठी. असल्या चिल्लरीवर चालणाऱ्या अमेरिकन बोर्डाने १८२७ साली सिंथिया फॅरार नावाची एक अविवाहित शिक्षिका मुंबईला पाठवली. पुढे ती नगरला आली आणि मुलींच्या शाळा चालवत १८६२ साली तिथेच वारली. तिची शाळा बघून जोतीराव फुले प्रभावित झाले आणि १८४८ साली त्यांनी पुण्यातल्या भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. फुल्यांची ती शाळा आपल्याकडे पोरांनाही माहीत असते. सेंट देणाऱ्या त्या बायकांना फुले कोण हे कधी कळलं नसणार. भिडे वाडा तर दूरच. त्यांनी आपल्या चर्चचं छप्पर आधी शाकारलं असतं तर त्यांना कुणी दोष दिला नसता.

हे सांगितल्यावर मावशी बाहेर भेटल्या. म्हणाल्या, "मग त्या बायकांना पावती कोण देत होतं?" मी सांगितलं, बोर्डाचं मासिक निघायचं, त्यात देणग्यांची यादी छापून यायची, गावावार. त्यांचं समाधान झालं.

आता लिलावाबद्दल, कारण आमच्या मंडळीत पैसा खरा रंगात येतो तो त्या दिवशी. बाजरी निघाली की हंगामाच्या उपकारस्तुतीचा रविवार येतो. वेदीपुढे बाजरीची कणसं, शेंगा, लाल भोपळे, मेथीच्या जुड्या, अंडी, पाय बांधलेल्या कोंबड्या. ज्यांची शेती नाही ते साखरेची पिशवी नाहीतर बिस्किटांचे पुडे आणतात. एकदा कुणी प्रेशर कुकर आणला होता, त्यावरही आशीर्वाद मागितला गेला. उपासना चालू असताना कोंबडं नेमकं प्रार्थनेत आरवतं, आणि पोरं खाली बघून हसतात. आशीर्वाद झाला की आवारात लिंबाखाली लिलाव.

लिलाव पुकारायचं काम आमच्याकडे एका निवृत्त एसटी कंडक्टरांकडे आहे, आणि त्यांच्यासारखा माणूस मी पतसंस्थेच्या वसुलीतही पाहिला नाही. भोपळ्याची बोली वीसपासून चढते. शंभरावर गेली की ते थांबतात, भोपळा डोक्यावर घेतात, आणि बोलणाऱ्याच्या सासऱ्याचं नाव घेऊन विचारतात, "त्यांनी गेल्या साली एवढ्याला घेतला होता, जावई मागं का?" भोपळा तीनशेला जातो. घेणारा तो परत टेबलावर ठेवतो: "पुन्हा पुकारा." तोच भोपळा तीन-चार वेळा विकला जातो आणि शेवटी ज्याच्या घरी माणसं जास्त त्याच्याकडे जातो. बोली न जमणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी मेथीची एक जुडी पाच रुपयांना राखून ठेवलेली असते. तिच्यावर कुणी बोली चढवायची नाही, हे न सांगता सगळ्यांना माहीत असतं.

या लिलावाचा पैसा आमच्या कमिटीने फार पूर्वीच ठरवून टाकलाय: एक रुपयाही इथे ठेवायचा नाही, सगळा धर्मप्रांताच्या सुवार्ता कामाला. गंमत अशी, की असेसमेंटवरून भांडणारी माणसं इथे सगळ्यात जोरात बोली लावतात. पैसा बाहेर जाण्याला त्यांचा विरोध नाहीच मुळी. तो आकडा वरून ठरून येतो, याला आहे. आपण होऊन द्यायचं आणि ठरवून दिलेलं भरायचं, यांत माणसाच्या मनाला फार अंतर वाटतं. ते अंतर खजिनदाराला कमी करता येतं, पुसता येत नाही.

बाकीचे खास रविवार मी भरभर सांगते. जानेवारीचा शेवटचा रविवार कुष्ठरोग्यांसाठी. मार्चचा पहिला शुक्रवार जागतिक प्रार्थनादिनाचा, तो सगळा महिला मंडळाकडे, हिशेबही त्यांचाच आणि माझ्यापेक्षा चोख. नोव्हेंबरअखेर सीएनआयचा रविवार. डिसेंबरात बायबल सोसायटीचा. संकट आलं की वेगळी थैली फिरते. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा पुढच्या रविवारी लोकांनी उशांच्या खोळी भरभरून कपडे आणले होते. मी तेव्हा खजिनदार नव्हते, नुसती सभासद. तो पैसा 'कासा'मार्फत गेला. फाळणीच्या वेळी, १९४७ साली, निर्वासितांसाठी चर्चेसनी मिळून उभी केलेली ही संस्था. अशा वेळी कुणालाही काही समजावून सांगावं लागत नाही. डोळ्यांपुढे पडलेलं घर असलं की हात आपोआप खिशात जातो.

मिझोरामच्या प्रेस्बिटेरियन बायकांची रीत मला जास्त विचार करायला लावते. स्वयंपाकाला तांदूळ काढताना दर वेळी एक मूठ बाजूच्या भांड्यात टाकायची. १९१० साली हे सुरू झालं, आजही चालू आहे, आणि त्या मुठींच्या आधारावर त्यांचं चर्च शेकडो कार्यकर्ते देशभर पाठवतं. आमच्या महिला मंडळाने ऐकून लगेच उत्साह दाखवला. मूठ ज्वारीची काढायचं ठरलं. अडचण अशी झाली, की निम्म्या घरांत आता तयार पीठ येतं, आणि काहींचं धान्य रेशनचं. ते परत विकायचं तरी कसं? दोन-तीन महिन्यांत भांडी रिकामी राहायला लागली. मग बायकांनीच वाट काढली. गॅस पेटवायच्या आधी ओट्यावरच्या डब्यात एक नाणं. महिन्याच्या शेवटच्या रविवारी डबे येतात. मला वाटतं, मूठ आणि नाणं यांत फरक पडतोच. मुठीने घरातलं धान्य तेवढं कमी होतं, नाण्याने तसं काही होत नाही. पण डबे अजून येताहेत.

पुण्यात आयटीत असलेल्या आमच्या मुलांचा प्रश्न वेगळाच. "आत्या, ८०जीची पावती मिळेल का?" मिळत नाही. एका विशिष्ट धर्मसमाजासाठी चालणाऱ्या संस्थेच्या दानाला आयकरातली ती सवलत नसते. आमचं चर्च सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेलं आहे, धर्मादाय आयुक्तांकडे दर वर्षी तपासलेले हिशेब जातात, तरीही. हे कळल्यावर एकाने देणं थांबवलं. बाकीच्यांनी थांबवलं नाही.

त्याच मुलांनी दारात क्यूआर कोडचा फलक लावून दिला. २०२०च्या टाळेबंदीत थैली फिरायची बंद झाली तेव्हा त्या फलकाने आम्हाला तारलं हे मान्य करायला हवं. काही पाकिटं दूधवाल्याबरोबर आली, काही किराणा दुकानात ठेवली गेली. शहरातल्या मोठ्या मंडळ्यांचा ओघ आटला, धर्मप्रांतात पगार मागेपुढे झाले, आणि त्या महिन्यांत वस्त्यांवरचे पाळक कसे राहिले हे आम्हाला फोनवर कळत होतं. आमच्या कमिटीने तेव्हा असेसमेंट वेळेवर पाठवलं. त्यासाठी ऑर्गनचा निधी वापरला, आणि ऑर्गन अजून एक सूर खातोय. 'उपासना संगीता'तली गीतं त्याशिवायही म्हणता येतात.

त्याच साली परदेशी देणग्यांचा कायदा आणखी कडक झाला. बाहेरच्या पैशावर चालणारी कामं आधीच कमी होत होती. आता वस्तीवरचा पाळक खऱ्या अर्थाने आमच्याच थैलीवर आहे. अँडरसनसाहेबांना हेच पाहिजे होतं, फक्त दीडशेहून अधिक वर्षं लागली.

वार्षिक सभेत उठणाऱ्याला मी दोष देत नाही. चर्चच्या जमिनींचे वाद कोर्टात चाललेले तो पेपरात वाचतो. वरच्या लोकांवर त्याचा विश्वास बसावा अशी व्यवस्था वरच्यांनीच करायची असते, आणि ते काम सगळीकडे नीट झालंय असं म्हणायची माझी तयारी नाही. पण त्या रागाची शिक्षा पगार थांबवून वस्तीवरच्या पाळकाच्या मुलाबाळांना द्यायची, हे मला पटत नाही. भांडण कार्यालयाशी असेल तर पत्र कार्यालयाला जायला हवं.

यंदा छपराच्या प्रश्नावर रीतसर ठरावच आला: दुरुस्ती होईपर्यंत असेसमेंट रोखून धरावं. मांडणारा तरुण, बांधकामात सुपरवायझर, तयारी करून आलेला. दीड तास चर्चा झाली. मी हिशेब वाचला आणि गप्प बसले. खजिनदाराने सभेत वकिली करू नये. मावशी उठल्या. त्यांनी विचारलं, आपण पाठवतो त्याचा धर्मप्रांताचा हिशेब येतो का? येतो, मी म्हटलं, पण इंग्रजीत, आणि येतो तो कमिटीकडे. "मग तो मराठीत मागा. आधी मागा, मग रोखा."

ठराव फिरला. असेसमेंट चालू ठेवायचं. छपरासाठी वेगळा निधी, प्रमुख तोच सुपरवायझर. पत्र्याचे तीन ठिकाणचे भाव त्याने दुसऱ्याच आठवड्यात आणले. आणि धर्मप्रांताचा वार्षिक हिशेब मराठीत, प्रत्येक मंडळीच्या नोटीस बोर्डावर लावता येईल असा मिळावा, म्हणून पत्र लिहायचं. पत्र मीच लिहिलं, आणि पाठवण्याआधी मावशींना वाचून दाखवलं. त्यांनी एक वाक्य घालायला लावलं: पाळकांच्या पगाराचा आकडा वेगळा दाखवावा, कार्यालयाच्या खर्चात मिसळू नये. पत्र पोस्टाने गेलंय. उत्तर यायचंय.